थंडीतले ५ कला-उपक्रम : लहान मुलं यातून मोजणं, जुळवणं आणि लिहिण्याची तयारी कशी शिकतात



चॅनेलवर आपण एरवी स्टॉक, उधारी, जीएसटी असं बोलत असतो. पण डिसेंबर लागला की माझ्या स्टेशनरीच्या दुकानात एक ठरलेला प्रश्न येतो. घरी छोटे क्लास घेणाऱ्या ताया, प्लेग्रुप चालवणाऱ्या मॅडम, नाताळच्या सुट्टीत एखादी बॅच काढू बघणारे दुकानदार, सगळे विचारतात : "३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी थंडीत काय घेता येईल? पालक म्हणतात नुसतं रंगकाम नको, काहीतरी शिकलं पाहिजे."

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पाच उपक्रम, प्रत्येकात मूल नेमकं काय शिकतं, तुम्ही काय विचारायचं, काय करायचं नाही आणि शेवटी फीचं गणित.

आधी एक गोष्ट पक्की करू

बीबीएला मार्केटिंगच्या तासाला वस्तू आणि तिचा फायदा यातला फरक शिकवतात. आपल्या धंद्यात इथेच गफलत होते. पालकाला घरी नेलेला कागदी पतंग दिसतो. तो नीट दिसावा म्हणून मग आपणच कापतो, आपणच चिकटवतो आणि मुलाच्या हातात फक्त शेवटची टिकली देतो. पतंग छान होतो, फोटो छान येतो. मुलाच्या वाट्याला काय आलं? एक टिकली.

शिकणं होतं ते फाडताना, मोजताना, चुकीच्या जागी चिकटलेलं काढून परत लावताना. त्यामुळे वाकडा पतंग ही मुलाने काम केल्याची पावती आहे, असं समजा. ती पावती पालकाला वाचता आली पाहिजे. ते काम आपलं. कसं, ते पुढे सांगते.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. चार वर्षांच्या मुलाला पानभर अक्षरं गिरवायला लावा, असा आग्रह बरेच पालक करतात. माणसाच्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून घट्ट होतात. चार वर्षांच्या मुलाचा हात अजून बनतोय. त्याला आधी चिमूट, पकड, मनगटाचं वळण यांचा सराव हवा. तो फाडण्यात, मळण्यात, ठिपके देण्यात मिळतो.

हे माझं एकटीचं मत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून, कृतीतून शिकण्यावर भर आहे. आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या सोबतीने काम वाढवलं. तिथे बिया, पानं, शिंपले, माती असं गावात मिळणारं सामानच शिकवायचं साधन होतं. महागडं किट नसेल तर बॅच काढता येणार नाही असं वाटत असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

आणि एक. नेटवर "विंटर ॲक्टिव्हिटी" शोधलं की बर्फाचा माणूस आणि लोकरीचे हातमोजे येतात. साताऱ्या-सोलापूरच्या मुलाने बर्फ पाहिलाय तो फ्रीजमध्ये. त्याची थंडी म्हणजे शेकोटी, गोधडी, बोरं, दारातली रांगोळी, संक्रांतीचा पतंग. ज्या वस्तूला मुलाने हात लावलाय तिच्याबद्दल ते भरभरून बोलतं. म्हणून आपले पाचही उपक्रम आपल्याच थंडीतले आहेत.

१. ठिपक्यांची रांगोळी : लिहिण्याची तयारी

मार्गशीर्षात दारात रांगोळी असतेच, म्हणून सुरुवात इथून.

सामान : तांदळाचं पीठ, मोठं ताट, खडू, काळा कार्डपेपर, पांढरा रंग. बाजारची रांगोळी लहान मुलांना देऊ नका. ती बारीक उडते आणि मुलं तोच हात डोळ्याला लावतात.

आधी जमिनीवर खडूने मोठे ठिपके काढा, ३ ओळींत ३-३. मुलाने चालत चालत दोन ठिपके जोडायचे. मग ताटात पीठ पसरून बोटाने तेच. शेवटी काळ्या कागदावर बोट रंगात बुडवून. हा क्रम उलटा करू नका. हात आधी खांद्यापासून हलतो, मग मनगट, मग बोटं. जमीन, ताट, कागद या क्रमाने काम लहान होत जातं आणि पकड बारीक होत जाते.

काय शिकतं? देवनागरी अक्षर म्हणजे उभी रेघ, आडवी रेघ, अर्धगोल, गोल आणि गाठ यांची जुळणी. ग, म, व यांना काना हवा, ट आणि ड यांना वळण हवं, ठ मध्ये सरळ गोल आहे. हे सगळे आकार रांगोळीत येतात आणि मुलाला कुणी "गिरव" म्हणत नाही.

तुम्ही विचारायचं : "एका ओळीत किती ठिपके? अशा किती ओळी? अजून एक ओळ टाकली तर?"

करायचं नाही : मुलाचं बोट धरून रेघ ओढायची नाही.

२. शेकोटी : फाडकाम आणि बोलणं

सामान : जुनी मासिकं, तपकिरी पिशव्यांचा कागद, लाल-पिवळा-नारिंगी घोटीव कागद, मैद्याची खळ.

तपकिरी कागदाच्या ५ लांबीच्या पट्ट्या ही लाकडं. मुलाने ती आधी लहानाकडून मोठ्याकडे लावायची. दोन वस्तूंत मोठी कुठली, हे बहुतेक मुलं सांगतात. पाच वस्तू क्रमाने लावणं अवघड असतं, कारण मधली पट्टी एकीपेक्षा मोठी आणि दुसरीपेक्षा लहान आहे, हे एकाच वेळी डोक्यात धरावं लागतं. मुलाला वेळ द्या.

मग ज्वाळा. कात्री नको, बोटांनी फाडायचं. दोन्ही हातांची चिमूट उलट दिशांना जाते. पुढे पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमूट.

चित्र झालं की मुलाला विचारा, "इथे काय चाललंय?" ते जे बोलेल ते चित्राखाली जसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहा. मूल म्हणालं "शेकोटीपाशी आजा बसलाय, लय थंडी वाजती", तर "लय" चं "खूप" करू नका. घरात अहिराणी किंवा मालवणी बोलत असतील तर तेही तसंच लिहा. मग अक्षरांखाली बोट फिरवत मोठ्याने वाचून दाखवा. आपण बोललो तेच कागदावर उमटलं आणि ते परत वाचताही येतं, हा शोध मुलासाठी फार मोठा आहे. वाचनाची सुरुवात तिथे होते. शब्द तुम्ही बदललात तर मुलाला ते त्याचं वाक्य वाटणारच नाही.

करायचं नाही : "ज्वाळा अशा नसतात" म्हणायचं नाही.

३. गोधडी : क्रम ओळखणं

सामान : शिंप्याकडची कतरण किंवा दोन रंगांचे कागद, प्रत्येक मुलाला १६ चौकोन, जाड कार्डपेपर, क्रेयॉन.

चार ओळी, प्रत्येकीत चार चौकोन. पहिली ओळ तुम्ही सुरू करून द्या : लाल, पिवळा, लाल... "पुढे काय येईल?" तीन वर्षांच्या मुलाला एवढंच पुरे. पाच वर्षांच्या मुलाला लाल, लाल, पिवळा असा क्रम द्या. जमलं की तुम्ही मुद्दाम एक चौकोन चुकीचा लावा आणि गप्प बसा. मूल ओरडून सांगेल, "मॅडम, चुकलं!" चूक पकडली म्हणजे नियम कळला.

मग तोच क्रम टाळ्या आणि चुटक्यांत वाजवा. रंगातला नियम आवाजातही तोच आहे, हे कळणं म्हणजे गणिताची पहिली पायरी.

मोठ्या मुलांना काही चौकोन कोपऱ्यातून दुमडून त्रिकोण करू द्या. दोन त्रिकोण जोडले की परत चौकोन झाला, हे हातांनी एकदा कळलं की विसरत नाही.

शेवटी क्रेयॉनने धावदोरा : प्रत्येक ओळीच्या कडेने छोट्या छोट्या रेघा, डावीकडून उजवीकडे. रेघ, जागा, रेघ, जागा. हात थांबवून परत सुरू करण्याचा सराव होतो आणि मराठी वाचायची दिशाही अंगवळणी पडते.

करायचं नाही : चौकोन आधीच कागदावर आखून द्यायचे नाहीत. थोडी वाकडी गोधडी चालते. आजीची तरी कुठे पट्टी लावून असते?

४. सुगड : वर्गवारी आणि "जास्त कुठलं?"

संक्रांतीच्या सुगडात जे जातं ते सगळं टेबलावर आणा : बोरं, गाजर, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा. प्रत्येक मुलाला एक मूठ घेऊ द्या.

पहिलं काम वेगळं करणं. एकदा रंगावरून, मग त्याच वस्तू आकारावरून. "अजून कसं वेगळं करता येईल?" कुणी म्हणेल "सोलून खायचं आणि तसंच खायचं". उत्तम. नियम त्याने स्वतः बनवला.

दुसरं काम छापे. गाजराची आडवी चकती रंगात बुडवून गोल उठतो, उभं कापलं तर लांबट. एकाच वस्तूचे दोन आकार.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. ३ गाजरं आणि ६ बोरं एकाखाली एक ओळीत मांडा आणि विचारा, "जास्त काय आहे?" बरीच मुलं गाजर म्हणतील, कारण गाजरांची ओळ लांब दिसते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी लहान मुलांच्या अशाच गोंधळाचा बारकाईने अभ्यास केला होता. हसू नका आणि लगेच दुरुस्त करू नका. प्रत्येक वस्तूसाठी एकाच मापाचा एक कागदी चौकोन द्या, त्यावर ती वस्तू काढायला सांगा आणि चौकोन एकावर एक चिकटवा. आता बोराचा मनोरा उंच झाला. मूल स्वतःच म्हणतं, "अरे, बोरं जास्त!" हाच त्याचा आयुष्यातला पहिला आलेख.

काळजी : बोराची बी, शेंगदाणा, हरभरा आणि काटेरी हलवा तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, घशात अडकू शकतं. त्यांना फक्त मोठं गाजर आणि रंग द्या. मोठ्या मुलांवरही डोळा ठेवा.

५. पतंग : आकार आणि मोजणं

शेवटचा शनिवार संक्रांतीच्या तोंडावरचा ठेवा.

सामान : घोटीव किंवा वर्तमानपत्राचा चौरस कागद, खराट्याच्या काड्या, लोकर, कागदी पट्ट्या, १ ते ६ आकड्यांची कार्डं.

टेबलावर चौरस ठेवा, मूल "चौकोन" म्हणेल. तोच कोपऱ्यावर उभा करा, मूल म्हणेल "आता हा पतंग झाला, चौकोन नाही". कागद त्याच्याच हातात द्या, फिरवू द्या. वस्तू फिरवली तरी आकार बदलत नाही, हे सांगून कळत नाही. मग कोपऱ्याला कोपरा लावून दुमडायचा, घडीवर काडी चिकटवायची.

आता शेपटी. मुलाने एक कार्ड उचलायचं. समजा ५ आलं. पट्ट्यांची टोपली खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. नियम एकच : एकाच फेरीत बरोबर ५ पट्ट्या आणायच्या.

हे का करतोय? बरीच मुलं २० पर्यंत धडाधड म्हणून दाखवतात. पण "मला ५ दे" म्हटलं की मूठभर उचलून देतात. आकडे पाठ असणं आणि संख्या कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चालत जाताना मुलाला ५ डोक्यात धरावा लागतो, तिथे मोजताना थांबावं लागतं. ४ आणल्या तर "चूक" म्हणू नका. "कार्डावर ठेवून बघ, पुरल्या का?" एवढंच विचारा.

हा पतंग उडवायचा नाही, लोकर धरून पळायचं. मांजा बॅचमध्ये आणूच नका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली आहे. दुकानदारांनो, हे विकतानाही लक्षात असू द्या.

पालकाला पावती कशी वाचायला द्यायची

बॅच सुटताना पालक दारात उभे असतात. वाकडा पतंग बघून कुणीतरी म्हणतंच, "एवढंच? हे तर घरी पण करतो." इथे ओशाळून पुढच्या वेळी स्वतः कात्री हातात घेतली, तर तुमची बॅच शिकवण्याची राहिली नाही.

त्यापेक्षा प्रत्येक मुलामागे तीन ओळींची चिठ्ठी द्या :

• आज मुलाने स्वतः काय केलं. ("५ पट्ट्या एका फेरीत मोजून आणल्या, दुसऱ्या प्रयत्नात.")
• त्यातून काय शिकलं. ("आकड्याएवढ्या वस्तू मोजून वेगळ्या करणं.")
• घरी काय करा. ("जेवताना ५ चमचे आणायला सांगा. गाठी आम्ही बांधलेल्या नाहीत.")

ही शेवटची ओळ जरूर लिहा. ताईंच्या हाताने झालेलं काम कुठलं आणि मुलाच्या हाताचं कुठलं, हे पालकाला कळू द्या. विश्वास त्यावर बसतो. आणि चिठ्ठीत खोटी स्तुती नको. जमलं नसेल तर "अजून सराव हवा" असं लिहा.

एक मर्यादाही स्पष्ट सांगा. पाच शनिवारांत मूल लिहायला-वाचायला लागेल असं जाहिरातीत लिहू नका. तयारी होते, हे खरं आहे आणि तेवढंच विका.

आता फीचं गणित

हे उदाहरण आहे, भाव तुमच्या गावचे धरा.

८ मुलं, ५ शनिवार, प्रत्येकी सव्वा तास.
सामान : दर मुलामागे दर वेळी ३० रुपये, म्हणजे ३० × ८ × ५ = १,२०० रुपये.
मदतनीस : २०० × ५ = १,००० रुपये.
चिठ्ठ्या, खाऊ, किरकोळ : ४०० रुपये.
एकूण खर्च : २,६०० रुपये.

फी ७०० रुपये घेतली तर जमा ५,६०० रुपये, हातात ३,००० रुपये. तयारी आणि आवराआवर धरून दर शनिवारी तुमचे ३ तास जातात, म्हणजे १५ तासांचे ३,००० रुपये, ताशी २०० रुपये. शेजारच्या बॅचला बघून फी ५०० रुपये केली तर हातात १,४०० रुपये उरतात, ताशी १०० रुपयेसुद्धा नाहीत. तेव्हा मोह होतो, ८ च्या जागी १५ मुलं घेऊ. १५ मुलांत तुम्ही आणि एक मदतनीस प्रत्येकाची वाट बघू शकत नाही. मग वेळेत संपवायला तुम्हीच कापता, तुम्हीच चिकटवता आणि मुलाच्या हातात परत ती एक टिकली. म्हणून फी ठरवतानाच मुलाला किती थांबून वेळ देता येईल, हे ठरत असतं.

दुकान असेल तर अजून एक मार्ग. पाच उपक्रमांचं सामान पाच पाकिटांत भरून विका. पाकिटात चौकोन आखून-कापून देऊ नका, कागद आणि सूचना द्या. सूचनांत "मुलाला काय विचारायचं" ही ओळ हवीच. लोक कागद कुठूनही घेतील, तो प्रश्न तुमच्याकडूनच मिळेल.

वेळेचं एक व्यवहारी सांगते. थंडीत सकाळी बोटं आखडलेली असतात आणि खळ लवकर वाळत नाही. बॅच साडेदहाच्या पुढे ठेवा, जमलं तर उन्हात. चिकटवण्याचं काम आधी, बोलण्याचं नंतर. मूल गोष्ट सांगेपर्यंत कागद वाळतो.

सुरुवात कुठून?

पाचही एकदम नकोत. या शनिवारी घरातल्या, शेजारच्या तीन-चार मुलांवर शेकोटी करून बघा, सामान जवळजवळ फुकट आहे. तुमचे हात मागे बांधून बसा आणि मूल काय करतं ते कागदावर टिपा. ज्याला ही टिपणं करता आली, त्याला चिठ्ठी लिहिता येईल. आणि ज्याला चिठ्ठी लिहिता येईल, त्याला फी मागताना चाचरावं लागणार नाही.

पुढच्या व्हिडिओत पालकांना द्यायची चिठ्ठी प्रत्यक्ष भरून दाखवते. तोवर मैदा, जुनी मासिकं आणि शिंप्याकडची कतरण जमवायला घ्या. भेटू या!